कुठल्या गावचा बर्फ

डिसेंबर लागला की परभणीचं नाव राज्याच्या बातम्यांत वर चढतं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा कितीवर उतरला, हे पुण्या-मुंबईचा माणूसही तेवढ्या आठवड्यापुरतं विचारतो. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तो दोन-तीन अंशांपर्यंत गेला होता. थंड हवेचं ठिकाण म्हणून मिरवणाऱ्या महाबळेश्वरपेक्षा मे महिन्यात भाजून काढणारा आमचा हा काळा, सपाट मुलूख कित्येक पहाटे जास्त गारठलेला असतो. जिंतूर त्या वेधशाळेपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. आमच्याकडे थंडी मोजायची ती खोबरेलाच्या बाटलीवर, आणि पहाटेच्या एस.टी.ला उभी राहिलेली माणसं कानावरून किती वेढे घेतात त्यावर.

कारण साधं आहे. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, हवा कोरडी, आभाळ मोकळं. दिवसा तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते, अडवायला ढग नसतो. गार हवा जड, ती खोलगट रानात, ओढ्याकाठी जाऊन बसते. म्हणून पहाटे नेमगिरीच्या लेण्यांकडे निघालेल्या माणसाला पायथ्याशी हुडहुडी भरते आणि टेकडी चढल्यावर बरं वाटायला लागतं. चढण्याची ऊब त्यात असतेच म्हणा.

हे सगळं मी आयुष्यभर फळ्यावर काढून दाखवलं. हिमरेषा, हिमनदी, हिमोढ. भूगोलाच्या मास्तरानं शिकवलेलं सगळं पाहिलेलं असावं असा नियम असता तर जिंतुरात भूगोल शिकवायला कुणी मिळालंच नसतं. माझा बर्फाशी संबंध आला तो रसवंतीवरच्या, गोणपाटात गुंडाळलेल्या लादीशी. दुसरा आला गारांशी, त्याबद्दल पुढं बोलू.

यंदा दिवाळीला मुलगी पुण्याहून आली आणि म्हणाली, "बाबा, या हिवाळ्यात सगळ्यांनी बर्फात जायचं. ठिकाण तुम्ही निवडा. भूगोल तुमचाच ना?" नातीला स्कीइंग शिकायचं होतं. पायाला दोन फळ्या बांधतात आणि सुटतात, एवढी माहिती तिनं मोबाईलवरून मिळवली होती. जावईबापूंनी यादी दिली: गुलमर्ग, औली, गुडौरी, अल्माटी, निसेको, स्वित्झर्लंड. मी कपाटावरचा शाळेतला जुना नकाशासंग्रह काढला. त्यात बर्फाचा प्रदेश पांढरा दाखवतात, म्हणजे तिथं छापतच नाहीत काही. शाई वाचवून दाखवलेला प्रदेश.

वाचायला लागलो तर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की बर्फावर घसरण्याची हौस फार अलीकडची. नॉर्वेतल्या आल्टाच्या खडकांवर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी पायाला फळ्या बांधलेली माणसं कोरून ठेवली आहेत. ती शिकारीला, शेजारच्या वस्तीला, कामाला निघालेली माणसं. हिवाळा त्यांच्या वाट्याला आला होता, त्यातून वाट काढायला त्यांनी फळ्या केल्या. आल्प्सच्या गावांतही हिवाळा म्हणजे गुरं आत, माणसं आत, साठवलेलं जपून खायचं, असाच होता. मग १८६४ साली सेंट मोरिट्झच्या योहानेस बाड्रुट नावाच्या हॉटेलवाल्यानं उन्हाळ्यात आलेल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, असं सांगतात. हिवाळ्यात येऊन बघा, आवडलं नाही तर जाण्यायेण्याचा खर्च माझा. ते आले आणि ईस्टरपर्यंत हललेच नाहीत. गोष्टीला थोडी कल्हई केलेली असणार, पण त्या गावच्या थंडीला गिऱ्हाईक मिळालं हे खरं. साठ वर्षांनी, १९२४ मध्ये, फ्रान्सच्या शामोनीत पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं आणि १९२८ मध्ये दुसरं खुद्द सेंट मोरिट्झमध्ये.

गिऱ्हाईक होऊन थंडीकडे जाणं वेगळं आणि थंडी अंगावर येणं वेगळं. ही गोष्ट त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसली आणि यादीतलं प्रत्येक नाव मी तिच्याशी लावून बघायला लागलो.

मराठी माणसाचा बर्फ ठरलेला आहे. १९८४ साली केसरी ही सहल कंपनी निघाली, २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड. अशांच्या बसमध्ये बसून आपली अर्धी मध्यमवर्गीय दुनिया रोहतांगला आणि दुसरी अर्धी युंगफ्राउयोखला जाऊन आली. युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर, तिथवर आगगाडी १९१२ पासून जाते, आणि वर भारतीय जेवण मिळतं. आपल्याकडे बर्फ पाहणं हे देवदर्शनासारखं चालतं: रांग, स्पर्श, फोटो, प्रसाद, परत. मी हे टोमण्यानं म्हणत नाही, मला ते आवडतं. पण यात खेळ बसत नाही. खेळाला चार दिवस एकाच उतारावर पडत राहावं लागतं, आणि चार दिवस एकाच गावात राहणं हे आपल्या सहलीच्या हिशेबात पैसे वाया घालवणं असतं.

शिवाय सुट्ट्या. आपल्या शाळांना लांब सुट्टी दोनदा, दिवाळीत आणि मे महिन्यात. दिवाळीत हिमालयातल्या खालच्या उतारांवर बर्फ पडायचा असतो, मेमध्ये वितळून गेलेला असतो. उरतो तो रोहतांगसारख्या उंच खिंडीतला, रस्त्याकडेच्या भिंतीसारखा कापलेला, धुळीनं करडा झालेला. मराठी माणसाच्या अल्बममध्ये मनालीचाच बर्फ का, याचं उत्तर आवडीनिवडीत नाही, शाळेच्या वेळापत्रकात आहे. मेलबर्नला असलेल्या माझ्या पुतण्याचं गणित आणखी उलटं. तिथल्या पोरांना हिवाळ्याची सुट्टी जून-जुलैत. शेगावची पालखी परभणीत येते त्या दिवसांत हा माउंट बुलरवरून बर्फातले फोटो पाठवतो आणि त्याच्या आईला वाटतं, पोरगा आषाढात कुठं गारठतोय.

निसेकोवर मात्र मी जवळजवळ एक संध्याकाळ घालवली. पैशाच्या दृष्टीनं ते आमच्या आवाक्याबाहेरचं, हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. बाकीचा वेळ भूगोलाचा. सैबेरियाहून निघालेला कोरडा, गोठलेला वारा जपानच्या समुद्रावरून जाताना वाफ उचलतो आणि होक्काइडोच्या डोंगरांना अडून तिचा बर्फ करून सोडतो. एका मोसमात पंधरा मीटरच्या आसपास. कोरडा, भुरभुरीत, स्कीवाल्यांचा जीव की प्राण. हे तर आपलंच! अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला अडतो, आंबोलीत सात-सात हजार मिलिमीटर ओततो आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर आठ-नऊशेवर येतो. जपानमध्येही डोंगरापलीकडचं टोकियो हिवाळाभर कोरडं, उन्हाचं असतं. म्हणजे टोकियो हा त्यांचा मराठवाडा. मला त्या अवाढव्य शहराबद्दल एकदम आपुलकी वाटली.

दुबईचं नाव यादीत नव्हतं. ते गल्लीतल्या एका पोरानं घातलं, तो तिकडंच कामाला आहे. तिथल्या मॉलमध्ये २००५ पासून चारशे मीटरचा बर्फाचा उतार आहे. बाहेर जिंतूरच्या मेसारखं ऊन, काचेच्या आत शून्याखाली. रात्री बर्फ पाडतात, दिवसा तिकीट लावतात. यात हसण्यासारखं काही नाही, बीजिंगचं २०२२ चं हिवाळी ऑलिंपिकही जवळजवळ सगळंच्या सगळं यंत्रानं पाडलेल्या बर्फावर झालं. पण मी तो पर्याय खोडला. थंडीच विकत घ्यायची तर निदान आभाळाकडून आलेली असावी.

जॉर्जियाला जावयांचा कल होता. तिथं तिबिलिसीत वैद्यकीय शिकायला गेलेली मराठी पोरं पुष्कळ, त्यामुळे आडनावं ओळखीची ऐकू येतात. खर्च युरोपापेक्षा खूप कमी. आणि राजधानीपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत, दोन हजार मीटरवर गुडौरी. सगळं जमत होतं. मग मला १४ डिसेंबर २०२४ आठवला. गुडौरीत एका भारतीय उपाहारगृहाच्या इमारतीत बारा माणसं झोपेत गेली, त्यातली अकरा भारतीय. तिथं काम करणारी. वीज गेली म्हणून बंद जागेत जनरेटर लावला होता आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड झोपायच्या खोल्यांत भरला, असं प्राथमिक तपासात आलं. बाहेर बर्फ असताना खिडकी कोण उघडी ठेवेल? ती माणसं पाहुण्यांना डाळ-रोटी वाढायला बर्फात गेली होती. यातून गुडौरी वाईट ठरत नाही, लोक जातात, जावं. मी नाव खोडलं नाही, फक्त पुढचं पान उलटलं. अल्माटीचं पानही भराभर उलटलं: दिल्लीहून सरळ विमान, भारतीयांना चौदा दिवस व्हिसा लागत नाही, मेडेऊचं बर्फाचं मैदान १,६९१ मीटरवर आणि त्याच्या वर शिंबुलाकचे उतार. चांगलं आहे. पण आमच्या घरात पासपोर्ट दोघांकडेच.

राहिला हिमालय.

औलीवर माझा जुना जीव. नंदादेवी समोर, २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथं झालेल्या, जोशीमठहून वर नेणारा चार किलोमीटरचा रज्जुमार्ग. पण २०२३ च्या जानेवारीत जोशीमठच्या घरांना तडे गेले, तो रज्जुमार्ग बंद झाला. गाव जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसलंय, सांभाळून बांधा, असं मिश्रा समितीनं १९७६ सालीच लिहून ठेवलं होतं. ज्यांच्या अंगणात भेग पडली आहे त्यांच्या डोक्यावरच्या उतारावर जाऊन घसरायचं, हे मनाला पटेना. लडाखच्या पोरापोरींची गोठलेल्या तळ्यांवरची आइस हॉकी बघायची फार इच्छा होती; साडेतीन हजार मीटर उंची आणि बायकोचा रक्तदाब यांनी ती मिटवली.

गुलमर्गबद्दल मला जे कळलं ते पुस्तकातून कमी आणि एका जुन्या विद्यार्थ्याकडून जास्त. आमच्या तालुक्यातली पोरं फौजेत भरपूर. हा दिवाळीला सुट्टीवर आला होता. "सर, तुम्ही गुलमर्गला जाणार? पैसे देऊन?" एवढं विचारून तो बराच वेळ हसत राहिला.

गुलमर्गला स्की क्लब १९२७ मध्ये ब्रिटिश फौजेतल्या अधिकाऱ्यांनी काढला, तो त्यांच्या हौसेपुरता. १९४८ मध्ये जनरल थिमय्यांनी तिथं जवानांसाठी स्की शाळा सुरू केली, तीच पुढं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. म्हणजे ज्या उतारावर मुंबईची जोडपी स्लेजवर बसून फोटो काढतात त्याच्याच शेजारी परभणी-साताऱ्याची, जन्मात गारा सोडून गोठलेलं काही न पाहिलेली पोरं पाठीवर ओझं घेऊन घसरायला शिकतात. माझ्या या विद्यार्थ्यानं तिथं शिकून पुढं सियाचीनही पाहिलं. त्याबद्दल तो फार बोलत नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत तिथं हिमकडा कोसळून दहा जवान गेले, त्यात माण तालुक्यातला एक होता. माण म्हणजे पावसाला तहानलेला मुलूख. पाण्याच्या थेंबाला महाग असलेल्या गावचा पोरगा बर्फाखाली जावा, याला काय म्हणावं मला कळत नाही.

तो म्हणाला, "सर, पहिले दोन दिवस नुसतं पडायला शिकवतात. बाजूला पडायचं, चढाच्या अंगाला. हात मागं टेकायचा नाही, मनगट जातं. पडायला जमलं की थांबायला शिकवतात. चालवायला सगळ्यात शेवटी." युरोपात उतारांना रंग असतात, हिरवा-निळा सोपा, लाल अवघड, काळा जाणकारांचा, हे मी त्याला वाचलेलं ऐकवलं. तो म्हणाला, आपल्याला खालचं मैदान पुरे. गुलमर्ग २,६५० मीटरवर. तिथून गोंडोला दोन टप्प्यांत आधी कोंगडोरीला आणि मग अफरवाटच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळ नेतो. त्या वरच्या मोकळ्या बर्फासाठी जगभरचे स्कीवाले येतात आणि तिथंच, २०२४ च्या फेब्रुवारीत, हिमस्खलनात एका रशियन स्कीवाल्याचा जीव गेला. "वर बघायला जा," तो म्हणाला, "फळ्या खाली ठेवून."

सुट्टीतल्या एका रात्री तो माझ्याबरोबर शेतात आला होता. रब्बीत आमच्याकडे मोटारीची लाईन बऱ्याचदा रात्रीची येते. मग गव्हाला, हरभऱ्याला पाणी रात्री एक-दोन वाजता. थंडीच्या ऐन दिवसांत, पारा पाच-सहावर असताना, माणूस गुडघाभर चिखलात अनवाणी उभा राहून दारं धरतो; एका वाफ्याचं फोडायचं, दुसऱ्याचं बांधायचं. पायाची बोटं आपली आहेत की नाहीत ते चिमटा घेऊन बघावं लागतं. बांधावर शेकोटी असते, पण पाणी सोडून तिच्याजवळ जाता येत नाही. माझा धाकटा भाऊ हे दरवर्षी करतो. त्याला मी यादीतली नावं वाचून दाखवली तेव्हा त्यानं निसेकोचा खर्च विचारला आणि खोऱ्यावर रेलून म्हणाला, "दादा, तेवढ्यात सोलरचा पंप बसंल. मग म्या दिवसा पाणी देईन, अन् तू खुशाल जा." यात चेष्टा होती, हिशेबही होता.

मला जायचं आहे, हे सांगायला मला संकोच नाही. थंडी भोगणारा आणि थंडी खेळणारा यांत मी आता दुसऱ्या बाजूला जाऊन बघणार आहे. फक्त त्या दोघांना एकमेकांची ओळख नसावी असं जे धरून चालतात ते मला खटकतं, कारण वाऱ्याला ती ओळख आहे. गुलमर्गचा बर्फ पश्चिमी विक्षोभांतून येतो. भूमध्य समुद्राकडून निघालेला तो ओला झोत काश्मिरात बर्फ टाकून पुढं सरकला की मागून उत्तरेचे कोरडे वारे सुटतात आणि दोन-चार दिवसांत परभणीचा पारा उतरतो. तिकडं स्कीवाल्यांची चंगळ झाली की इकडं भावाच्या पायाची बोटं बधिर होतात, आणि गव्हाला फुटवे चांगले येतात. कधी हाच विक्षोभ खाली वाकतो, बंगालच्या उपसागरावरून आलेली वाफ त्याला भेटते आणि आमच्यावर गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तसं झालं. हाताशी आलेली ज्वारी, गहू, हरभरा झोपला, द्राक्षबागांचे सांगाडे उरले, पाखरं झाडांखाली मरून पडली. रान पांढरं दिसत होतं. पोरं गारा वेचून परातीत भरत होती, आणि त्यांना ओरडावं की नाही हे कुठल्याच बापाला सुचत नव्हतं. मराठवाड्यानं पाहिलेला मोठा बर्फ तेवढाच.

तर गुलमर्ग. कारणं द्यायची तर पुष्कळ देता येतील. परभणीला सचखंड एक्स्प्रेस पकडायची, अमृतसर, तिथून कटरा, आणि ६ जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत वंदे भारत. चिनाबवरचा तो नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीचा पूल भूगोलाच्या मास्तराला एरवी कोण दाखवणार. जिंतुरात रेल्वे नाही, पण परभणीच्या फलाटावर उभं राहिलं की काश्मीरपर्यंत रूळ आहेत, ही गोष्ट मला विमानापेक्षा जास्त नवलाची वाटते. बायकोनं पहलगामचं नाव काढलं. २२ एप्रिल २०२५ ला तिथं मारलेल्या सव्वीस जणांत सहा महाराष्ट्रातले होते. मी तिला समजावत बसलो नाही, ती भीती खरी आहे. विद्यार्थ्यानं तिला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी ती लोकरीचे मोजे कुठं चांगले मिळतात ते विचारू लागली. एक अट घातली: गोंडोलात बसेन, पायाला फळ्या बांधणार नाही.

तारीख मात्र अजून पक्की नाही. जानेवारीत जावं तर बर्फाचा भरवसा उरला नाही. २०२४ चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला, खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीअखेर ढकलाव्या लागल्या, आणि २०२५ मध्ये तर मार्चपर्यंत. फेब्रुवारीत जावं तर हरभरा काढणीला आलेला असतो आणि भाऊ एकटा पडतो. मार्चमध्ये नातीची परीक्षा. मुलगी म्हणते, "बाबा, लोक बर्फ बघून तारीख काढतात, तुम्ही हरभरा बघून काढताय." काढतो. फेब्रुवारीचा पहिला आठवडा म्हणतोय, हवामान खात्याचा अंदाज बघून चार दिवस इकडं-तिकडं.

नातीची तयारी मात्र दिवाळीतच सुरू झाली होती. मळणीयंत्रातून निघालेल्या सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग वावरात पडला होता. विद्यार्थ्यानं तिला त्याच्यावर चढवलं आणि वरून पडायला सांगितलं: बाजूला, चढाच्या अंगाला, हात मागं टेकायचा नाही. ती दिवसभर पडत होती. तिची आजी बांधावरून ओरडत होती, "अगं उतर, अंगाला खाज सुटंल!" आणि ती वरून सांगत होती, "आजी, थांब, अजून उजव्या बाजूला नीट पडता येत नाही."